एकाच कन्सल्टन्सीचे दोन उलटे अनुभव: कुणाचं खरं मानायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षं साइटवर काढलेल्या एका सिव्हिल इंजिनीअरला मोठ्या इंजिनीअरिंग कन्सल्टन्सीची ऑफर आली आहे. तिथे काम केलेल्यांचे अनुभव वाचले, तर निम्मे म्हणतात शिकायला भरपूर मिळालं आणि निम्मे म्हणतात टाइमशीटच्या (कामाच्या तासांच्या नोंदीच्या) नावाखाली पिळून काढलं. यातलं खरं काय धरायचं आणि होकार देण्याआधी काय विचारायचं?

दोन्ही खरं धरा. एकाच मजल्यावर शेजारी बसणाऱ्या दोघांचेही अनुभव असे उलटे असू शकतात, आणि त्यात साहेबाच्या स्वभावाचा भाग लोक समजतात त्यापेक्षा कमी असतो. बराचसा फरक पडतो तो माणूस कोणत्या प्रकारच्या कंत्राटावर बसला आहे आणि त्याच्या कामाचे तास कुणी, कधी ठरवले, यावरून.

साइटवर काम घनमीटरमध्ये, टनात, रनिंग मीटरमध्ये मोजलं जातं. कन्सल्टन्सीत ते तासांत मोजतात. ड्रॉइंग, कॅल्क्युलेशन, रिपोर्ट हे सगळं त्या तासांचं फलित असतं, पण फर्मचं उत्पन्न मोजायचं एकक तासच. आणि हे तास तुम्ही रुजू व्हायच्या कितीतरी आधी, टेंडरच्या घाईत, एखाद्या लीड इंजिनीअरने जुन्या प्रोजेक्टच्या आकड्यांवरून मांडलेले असतात. तो अंदाज जमला असेल तर वर्ष सुखाचं जातं. फसला असेल तर तेच वर्ष, तोच साहेब आणि तेच सॉफ्टवेअर नकोसं होतं.

कंत्राटं ढोबळमानाने दोन जातींची. एकात क्लायंट लागलेल्या तासांचे ठरलेल्या दराने पैसे देतो. तिथे जादा तासांवर फर्म रागावत नाही, क्लायंट रागावतो. तो टाइमशीट नावानिशी तपासतो आणि 'या ड्रॉइंगला तीन माणसं कशाला' असं विचारतो. दुसरी जात लम्पसम. रक्कम ठरलेली, तास कितीही लागोत. इथे प्रत्येक जादा तास फर्मच्या खिशातून जातो, म्हणून दबाव थेट टेबलापर्यंत येतो. 'पिळून काढलं' म्हणणाऱ्यांतले बरेचसे लम्पसम कामाच्या शेवटच्या तिमाहीतले असतात. शिकायला मिळालं म्हणणारे बहुधा तासावारी कामातले, किंवा लम्पसमच्या सुरुवातीचे.

हे आकड्यांत पाहू. यंत्रांखालच्या काँक्रीटच्या पायांचं एक पॅकेज आहे, 20 ड्रॉइंग. प्रत्येकी 40 तास धरलेत: कॅल्क्युलेशनला 12, ड्राफ्टिंगला 16, चेकिंगला 5, क्लायंटच्या कॉमेंट्स घालायला 5 आणि इतर डिसिप्लिनशी (पाइपिंग, इलेक्ट्रिकल अशा शाखांशी) बोलण्यात 2. एकूण 800 तास. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण वाटणीची तऱ्हा अशीच असते. यातले समन्वयाचे 2 तास बघून साइटवरच्या माणसाला हसू येईल. ते येणं बरोबर आहे. कमी पडतात ते नेमके इथेच.

या वीसमधला एक पंपाचा पाया घ्या. व्हेंडरचं, म्हणजे पंप पुरवणाऱ्याचं, पहिलं ड्रॉइंग 'प्रिलिमिनरी' (प्राथमिक) शिक्क्याचं असतं. त्यावर पंप, मोटर आणि बेसफ्रेम मिळून वजन 4 टन. सेंट्रिफ्युगल पंपाला पायाचं वजन यंत्राच्या निदान तिप्पट धरायचा ठोकताळा आहे, रेसिप्रोकेटिंगला पाचपट. म्हणून पाया 12 टनांचा, म्हणजे काँक्रीट 5 घनमीटर. त्यावर ड्रॉइंग काढलं, चेक झालं, गेलं. सहा आठवड्यांनी व्हेंडरचं प्रमाणित ड्रॉइंग येतं. मोटर बदललेली, वजन साडेपाच टन, अँकर बोल्टचं अंतर वेगळं. आता पाया साडेसोळा टन, जवळजवळ 6.9 घनमीटर. वाढलेली लांबी शेजारून जाणाऱ्या भूमिगत पाइपात घुसते, आणि पाइपिंगवाल्यांचं ड्रॉइंग बांधकामासाठी निघूनही गेलेलं असतं. 40 तासांचं ड्रॉइंग बघता बघता 60 वर जातं. इथे कुणाचीच चूक नाही, कामच असं चालतं. प्रश्न एवढाच उरतो की वरच्या 20 तासांचं काय करायचं.

चांगल्या फर्ममध्ये यावर दोन ठरलेल्या गोष्टी होतात. पहिली, प्रिलिमिनरी माहितीवर काढलेल्या प्रत्येक मापाभोवती ढग काढून 'होल्ड' लिहिलेलं असतं आणि ड्रॉइंगच्या कडेला होल्डची यादी असते: कशासाठी, कुणाकडून, कधीपर्यंत. होल्ड न लावता गेलेलं अर्धवट माप ही या धंद्यातली सर्वांत महागडी चूक, कारण साइटवाला ते खरं मानतो आणि बोल्ट गाडून मोकळा होतो. तुम्ही साइटवरून येताय, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे बदलाची सूचना. व्हेंडरची सुधारित माहिती कोणत्या तारखेला, कोणत्या ट्रान्समिटलने (कागदपत्रांसोबतच्या पत्राने) आली, त्यामुळे कोणती ड्रॉइंग्ज हलली आणि किती तास गेले, हे कंत्राटात दिलेल्या मुदतीत लिहून क्लायंटला कळवायचं. मुदत टळली की मागणी बुडते. ही नोंद पुढे पाठवायचं काम मॅनेजरचं असलं तरी ती ठेवू शकतो फक्त टेबलावरचा माणूस. एक साधी वही किंवा शीट पुरते: तारीख, काय बदललं, कुणी कळवलं, तास.

वाईट फर्ममध्ये त्या 20 तासांसाठी एकच वाक्य ऐकू येतं, 'बजेट संपलंय, कोडवर टाकू नका.' (कोड म्हणजे प्रोजेक्टचे तास ज्याखाली नोंदवतात तो क्रमांक.) लोक रात्री बसून काम करतात आणि टाइमशीटमध्ये रोजचे आठच भरतात. याने पुढे काय होतं ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

प्रगती मोजायची पद्धत टप्प्यांची असते. ड्रॉइंग क्लायंटच्या तपासणीसाठी गेलं की समजा 70 टक्के काम झालं असं धरतात, बांधकामासाठी गेलं की 100. आपली वीसही ड्रॉइंग्ज तपासणीला गेली, म्हणजे कमावलेले तास 560. खरे लागलेले 640. भागाकार 0.875. याच गतीने शेवट कुठे होणार? 800 भागिले 0.875, म्हणजे 914 तास. मॅनेजरला आजच कळलं की 114 कमी पडणार, तर तो माणूस वाढवेल, क्लायंटकडे जाईल, निदान आरडाओरडा तरी करेल. आता टीमने 80 तास लपवले असं धरा. कागदावर 560 ला 560, गुणोत्तर बरोबर एक, सगळं आलबेल. मदत येत नाही. शेवटचे 30 टक्के त्याच माणसांनी त्याच रात्री जागून काढायचे. आणि पुढच्या टेंडरला लीड इंजिनीअर हेच रेकॉर्ड उघडतो आणि ड्रॉइंगला पुन्हा 40 च तास धरतो. लपवलेला तास असा पुढच्या प्रोजेक्टवर व्याजासकट परत येतो, बऱ्याचदा त्याच माणसाच्या डोक्यावर.

म्हणून टाइमशीट रोजच्या रोज भरा आणि खरी भरा. शुक्रवारी संध्याकाळी आठवून भरलेली शीट निम्मी कल्पित असते. तास टाकू नका असं कुणी तोंडी सांगितलं, तर ईमेलवर विचारा, 'हे तास कोणत्या कोडवर टाकू?' वाद घालायचा नाही, फक्त विचारायचं. उत्तरात बहुतेक वेळा एखादा कोड येतो.

टाइमशीटचा दुसरा ताण म्हणजे बिलेबल टक्केवारी, म्हणजे क्लायंटला बिल लावता येतील अशा तासांचा वाटा. इथे आकडा ऐकून घाबरण्याआधी भागाकारात खाली काय आहे ते विचारा. आठवड्याला 40 प्रमाणे वर्षाचे तास 2080. सुट्ट्या आणि रजा मिळून 240 वजा केले तर उरतात 1840. यावर 85 टक्के लक्ष्य म्हणजे 1564 बिलेबल तास, आणि ट्रेनिंग, मीटिंग, टेंडरला मदत, नव्या माणसाला शिकवणं या सगळ्यासाठी महिन्याला सरासरी 23 तास. जमण्यासारखं आहे. पण काही फर्म 2080 ने भागतात. तिथे हेच 1564 तास 75 टक्के दिसतात, आणि कुणी 2080 वर 85 टक्के मागितले तर ते होतात 1768. मग वर्षभरात मोकळे राहतात 72 तास, महिन्याला सहा. अशा ठिकाणी 'आमच्याकडे ट्रेनिंगला प्रोत्साहन आहे' हे वाक्य नुसतं ऐकून घ्यायचं.

याच संदर्भात एक तक्रार नेहमी कानावर येते: 'क्लायंटला माझा दर पगाराच्या तिप्पट लावतात.' साधारण अडीच ते साडेतीन पट हा या धंद्यातला नेहमीचा पट आहे. त्यात इतर लाभ, जागा, सॉफ्टवेअरची लायसन्सं, व्यावसायिक दायित्वाचा विमा, बिल न होणारी माणसं आणि बिल न होणारे तास येतात, आणि मग नफा. तक्रार समजू शकते, पण पगाराची बोलणी त्या आधारावर करू नका. दरापेक्षा बाजारात तुमच्या अनुभवाला काय मिळतं हा मुद्दा चालतो.

आता चेकिंग. फर्म कशी आहे हे जोखायचं असेल तर सगळं सोडून हे बघा.

पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. चेकर प्रिंटवर किंवा पीडीएफवर प्रत्येक माप, प्रत्येक टीप वाचतो; बरोबर असलेल्यावर पिवळा, बदलायचं ते लाल. मूळ माणूस लाल दुरुस्त करतो, चेकर पुन्हा पाहून तिसऱ्या रंगाने खूण करतो. रंग फर्मगणिक बदलतात. महत्त्वाचं हे की पिवळा लागलेला नाही म्हणजे ते कुणी वाचलेलं नाही. चेक प्रिंटवर चार लाल खुणा आणि बाकी पान कोरं असेल तर तो चेक झालेला नाही, नजर फिरवलेली आहे. चेकिंग रांगेत शेवटी असतं. वर कुठेही उशीर झाला तरी बांधकामासाठी पाठवायची तारीख हलत नाही, म्हणून आधीचा सगळा उशीर त्या पाच तासांतून वसूल होतो.

चुका निघतात त्या सहसा गहन गणितात नसतात. जुन्या प्रोजेक्टचं ड्रॉइंग 'सेव्ह ॲज' केलेलं असतं आणि जनरल नोट्समध्ये काँक्रीटचा जुना ग्रेड राहून जातो. व्हेंडरने बल किलोन्यूटनमध्ये दिलेलं असतं आणि शीट किलोग्रॅम-फोर्सची असते, जवळपास शंभरपट फरक. स्प्रेडशीटमध्ये कुणीतरी सूत्रावर हाताने आकडा टाकलेला असतो आणि खालचे सगळे निकाल गोठलेले असतात. ले-आउटवरची उत्तर दिशा आणि पायाच्या ड्रॉइंगवरची उत्तर दिशा नव्वद अंशांनी फिरलेली असते. तुमचा साइटचा अनुभव चेकर म्हणून सोन्यासारखा आहे. ही सळईची जाळी इतक्या अंतरावर बांधता येणार नाही, या खड्ड्यात व्हायब्रेटर उतरणार नाही, हे ऑफिसातल्या माणसाला दिसत नाही.

आणि चेकिंग फक्त आपल्या ड्रॉइंगचं नसतं. फॅब्रिकेटर, व्हेंडर यांची ड्रॉइंग्ज तपासून शिक्का मारणं हे ज्युनिअरच्या वाट्याला येणारं काम कंटाळवाणं समजलं जातं. 17 जुलै 1981 ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचे झुलते पादचारी पूल कोसळले, 114 माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये वरचा आणि खालचा पूल एकाच सलग रॉडवर लटकत होते. फॅब्रिकेशनच्या टप्प्यावर रॉडचे दोन तुकडे झाले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला किरकोळ बदल. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटवर फक्त त्याच पुलाचं ओझं यायचं तिथे दोन्ही पुलांचं आलं, सरळ दुप्पट. नवा जोड कुणीच मोजला नाही, आणि फॅब्रिकेटरचं ते शॉप ड्रॉइंग (कारखान्यात वापरायचं ड्रॉइंग) डिझाइन करणाऱ्या फर्मच्या शिक्क्याने पुढे गेलं. नंतरच्या तपासणीत मूळचा जोडही नियमात अपेक्षित ताकदीपेक्षा कमीच होता असं निघालं. जबाबदार इंजिनीअरांची लायसन्सं गेली. व्हेंडर ड्रॉइंग तपासताना 'काय बदललं आणि त्याने भार कुठून कुठे गेला' हा एक प्रश्न प्रत्येक जोडाला विचारायचा, तो यासाठी.

मुलाखतीत यावर एक प्रश्न पुरतो: 'मागच्या महिन्यातली एखादी चेक प्रिंट दाखवता का?' क्लायंटचं नाव झाकून दाखवतील. गोपनीयतेचं कारण देऊन नाही म्हणाले तर पद्धत तोंडी सांगायला लावा. चेकर कोण, त्याचे तास वेगळ्या कोडवर असतात का, त्याच्या सहीशिवाय ड्रॉइंग सिस्टिममधून बाहेर पडू शकतं का. 'आम्ही सगळे अनुभवी आहोत' हे उत्तर मिळालं तर समजून घ्या.

शिकण्याबद्दल. पहिल्या वर्षी शिकण्याचा वेग खरोखर जास्त असतो, कारण एकाच वेळी तीन-चार प्रोजेक्टचे नमुने, वेगवेगळे डिझाइन कोड (नियमावल्या), वेगवेगळे क्लायंट समोर असतात. धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो. एखाद्या सॉफ्टवेअरवर किंवा एखाद्या प्रकारच्या पायावर हात बसला की बजेटच्या दृष्टीने तुम्हीच सर्वांत स्वस्त, आणि मग तेच काम पुन्हा पुन्हा येतं. 'पाइपरॅकवाला' (पाइप पेलणाऱ्या सांगाड्यांचंच काम करणारा) म्हणून नाव पडलं की ते पुसायला वेळ लागतो. यातून सुटायचा मार्ग म्हणजे सुटी सुटी कामं मागण्यापेक्षा एक छोटं पॅकेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागणं: डिझाइन बेसिस (डिझाइनची गृहीतकं) लिहिण्यापासून साइटच्या शंकांना उत्तर देईपर्यंत. दोन पंपांचं शेड का असेना. साइटकडून येणाऱ्या शंकांची उत्तरं लिहिण्याइतकं शिकवणारं या ऑफिसात दुसरं काही नाही, कारण आपलं ड्रॉइंग लोकांनी कसं वाचलं ते तिथे कळतं. हे काम बाकीचे टाळतात, सबब ते सहज मिळतं.

तुम्हाला एक अडचण मात्र येईल, ती आधीच सांगितलेली बरी. साइटवर निर्णय उभ्या उभ्या होतात. इथे टेलिफोनवर ठरलेलं काहीच ठरलेलं नसतं. पाइपिंगवाला म्हणाला 'चालेल', म्हणून नोझलचं माप बदललं, आणि तो नंतर म्हणाला 'मी कुठे असं बोललो?' तर दोष तुमच्याकडे. बोलणं झालं की दोन ओळींचा ईमेल. सुरुवातीला हे बाबूगिरी वाटतं. तीन महिन्यांत सवय होते.

दुसरी अडचण दोन साहेबांची. डिपार्टमेंट हेड तुमचं मूल्यमापन करतो, प्रोजेक्ट मॅनेजर तुमचे तास वापरतो. दोन प्रोजेक्टची तारीख एकाच आठवड्यात आली तर दोघेही 'आधी माझं' म्हणतात. आपण होऊन निवड करू नका. दोघांना एकाच ईमेलमध्ये ठेवून 'माझ्याकडे या आठवड्यात 40 तास आहेत, मागणी 65 ची आहे, क्रम सांगा' असं लिहा. आकडा लिहिला की चर्चा लवकर संपते.

बेंचवर बसणं, म्हणजे प्रोजेक्ट संपून दुसरं न मिळणं, हा कन्सल्टन्सीतला खरा असुरक्षितपणा. फर्म मोठी आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही. तुमच्या डिसिप्लिनकडे, त्याच ऑफिसात, किती महिन्यांचं काम हातात आहे हे विचारा. सिव्हिलचं काम प्रोजेक्टच्या पूर्वार्धात जोरात असतं आणि उत्तरार्धात आटतं, तेव्हा पाइपिंग, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाले ऐन भरात असतात. कंपनीची एकूण ऑर्डर बुक चांगली असूनही सिव्हिलवाले रिकामे असू शकतात. तुम्हाला ज्या प्रोजेक्टसाठी घेत आहेत तो कोणत्या टप्प्यावर आहे, हे म्हणून पगाराइतकंच महत्त्वाचं. 60 टक्के डिझाइन संपलेल्या लम्पसम प्रोजेक्टवर घाईने भरती चालू असेल, तर तास फुगलेले आहेत आणि सहा महिन्यांनी तीच माणसं बेंचवर असतील, असं धरून चाला.

लोकांचे अनुभव वाचताना यासाठीच लिहिणाऱ्याची डिसिप्लिन, ऑफिस आणि साल पाहा. तिन्ही जुळत नसतील तर तो अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही, मग तो कितीही गोड किंवा कडू असो. 'मॅनेजमेंट वाईट' हे सोडून द्या. 'तास टाकू दिले नाहीत', 'चेकरच नव्हता', 'तीन वर्षं एकाच प्रकारचं काम' अशी नेमकी तक्रार दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या वेळी केली असेल तर ती गंभीरपणे घ्या.

ऑफर लेटरमध्ये जादा तासांचा मोबदला बिलेबल तासांनाच आहे की सगळ्यांना, साइटवर पाठवलं तर मुक्कामाचा आणि प्रवासाच्या वेळेचा हिशेब कसा, आणि सोडताना नोटिशीचा काळ किती, या तीन गोष्टी नीट वाचा. प्रवासाचा वेळ बऱ्याच फर्म मोजतच नाहीत.

रुजू झाल्यावर पहिल्या दिवसापासून स्वतःची एक कामाची नोंद घरच्या वहीत ठेवा. त्यात ड्रॉइंग, कॅल्क्युलेशन किंवा क्लायंटचा कुठलाही कागद येता कामा नये, ती मालमत्ता तुमची नाही आणि जाताना सोबत नेल्यास प्रकरण महागात पडतं. फक्त एवढंच लिहा: प्रोजेक्टचा प्रकार, तुम्ही काय केलंत, कोणता डिझाइन कोड वापरला, कुणाच्या देखरेखीखाली, किती महिने. व्यावसायिक लायसन्ससाठी अर्ज करायची वेळ आली की हीच माहिती मागतात, आणि तोवर निम्मे मॅनेजर दुसऱ्या फर्ममध्ये गेलेले असतात.